खिडकीतली बाई

पत्र

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय ३८. जी. डी. आर्ट झालो आणि गेली चौदा वर्षं चित्रांवरच घर चालवतोय. पुस्तकांची कव्हरं, मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, हॉटेलांचे लोगो, लग्नपत्रिका आणि पावसाळ्यात दिवाळी अंक. बायको शिक्षिका आहे, मुलगी चौथीत.

यंदा एका अंकाच्या सहा कथा माझ्याकडे आहेत, प्रत्येकी दोन चित्रं. तीन कथा झाल्या, चौथीपाशी पंधरा दिवस अडलोय. गावातला एक टेलर वारतो आणि वर्षभराने त्याची बायको दुकान कायमचं बंद करायला जाते, अशी ती कथा. मला आवडली. पण टॅब उघडून बसलो की हातून खिडकीत बसलेली बाईच येते. आधीच्या तिन्ही कथांनाही तीच आली होती. काहीतरी सुचेल म्हणून तासन् तास मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं बघतो आणि आणखी खचतो. परवा एका ग्राहकाने एआयने केलेलं चित्र पाठवलं आणि म्हणाला, "असंच पाहिजे, फक्त तुमच्या हाताचं." चित्रकार वासुदेव गायतोंडे म्हणे महिनोन् महिने नुसते बसून राहायचे. मला ती मुभा नाही, महिनाअखेरीस चित्रं द्यायची आहेत. मित्र म्हणतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ते खरं असेल का? रात्री तीनला जाग येते आणि हाच प्रश्न समोर उभा राहतो.

कृपया नाव छापू नये.

उत्तर

प्रिय मित्रा,

ताई म्हणालास, म्हणून सरळ एकेरीवर येते. मी एकतीस वर्षं कथाचित्रं आणि कव्हरं केली. श्रावण लागला की अजूनही माझा उजवा खांदा दुखायला लागतो. तुझं पत्र मी सकाळी वाचलं, दुपारी पुन्हा वाचलं, आणि मग माझ्या जुन्या फायली काढून बसले. माझ्याही कामात खिडकीतल्या बायका निघाल्या. एका वर्षी तर चार होत्या.

आधी रात्री तीनला जाग येण्याबद्दल. आठवड्यातून एखाद्या रात्री असं होत असेल तर कामाचा ताण म्हणून सोडून देता येईल. पण रोजच होत असेल, जेवण जात नसेल, मुलीशी बोलतानाही मन दुसरीकडेच असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. चित्रांचं नंतर पाहू. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आपल्या धंद्यातली माणसं महिनोन् महिने झोपेविना काढतात आणि त्यालाच कलावंताचा स्वभाव समजतात. मी ते घरात जवळून पाहिलं आहे, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता तुझ्या मित्राच्या म्हणीकडे वळते. म्हण खरी आहे, पण तुला ती लागू पडत नाही. चौदा वर्षं कोल्हापुरात राहून, बाजारात जाऊन, मुलीला शाळेत सोडून, रंकाळ्यावर चक्कर मारून ज्याने डोळे उघडे ठेवले, त्याचा आड कोरडा कसा असेल? पोहरा तू दुसऱ्याच आडात सोडतो आहेस. मोबाइलवर जी चित्रं तू बघतोस ती म्हणजे कुणीतरी आधीच शेंदून, गाळून, भांड्यात भरून ठेवलेलं पाणी. त्या चित्रकाराने काय बघितलं, कुठे अडला, काय खोडलं, यातलं काहीच तुझ्यापर्यंत येत नाही. येतं ते फक्त उत्तर. आणि दिवसाला दोनशे उत्तरं बघितल्यावर तुझा हात त्या दोनशेंची सरासरी काढतो. दुःखी बाई, उजेड एका बाजूने, मान थोडी कललेली. ती सरासरी म्हणजेच तुझी खिडकीतली बाई.

माझ्यावर हे कसं ओढवलं ते सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका कादंबरीचं कव्हर माझ्याकडे आलं. वाड्यातल्या तीन पिढ्या, आजी केंद्रस्थानी आणि आजीच्या हातात सदैव अडकित्ता. मला वाटलं, काम सोपं आहे. माझ्या स्वतःच्या आजीचा अडकित्ता मी लहानपणापासून पाहिलेला. मी एका संध्याकाळी रफ काढला, दुसऱ्या दिवशी रंगवायला घेतला, आणि हात काढताना अडले. अंगठा कुठे जातो ते जमेना. बोटं कशीही ठेवली तरी ती सुपारी कातरणारी वाटेनात. अर्धा दिवस मी हातच खोडत बसले. माझ्या चित्रात अडकित्त्याची खीळ मधोमध होती, कात्रीसारखी. खरा अडकित्ता एका टोकाला जोडलेला असतो. खीळ टोकाला, तिच्या लगत सुपारी, आणि दोन्ही दांड्या मुठीत. म्हणून म्हाताऱ्या बाईच्या हातातही एवढा जोर येतो. वीस वर्षं रोज समोर असलेली वस्तू मी कधी बघितलीच नव्हती. मी काढत होते ती कुठल्यातरी जुन्या अंकातल्या चित्रातल्या अडकित्त्याची आठवण, आणि त्या चित्रकारानेही बहुधा ती दुसऱ्या चित्रावरूनच घेतली असणार.

तेव्हा आजी नव्हती, तिचा अडकित्ताही कुणा नातलगाकडे गेला होता. मी बस धरली आणि पुण्याच्या शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालयात गेले. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या त्या संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. दिवे, दौती, कुलपं, वज्र्या आणि अडकित्ते. मोराचे अडकित्ते, घोड्याचे, एकमेकांना बिलगलेल्या जोडप्याचे. मी तीन तास उभी राहून काढत होते. पहिल्या तासात मी फक्त वस्तू काढली. दुसऱ्या तासात लक्षात आलं की दांडीची बाहेरची कड घासून गुळगुळीत झालेली आहे आणि आतल्या बाजूचं नक्षीकाम अजून टोकदार आहे. म्हणजे कुणाचातरी तळवा वर्षानुवर्षं तिथे घासला गेला होता. तेव्हा कव्हर मला सापडलं. आजीचा चेहरा मी काढून टाकला. उघडा अडकित्ता, झिजलेली कड, आणि पात्यांच्या मधली रिकामी जागा. लेखकाला ते बघून काही बोलताच येईना. (त्या कामाचे पैसे प्रकाशकाने तीन वर्षांनी दिले, तेही दोनदा पत्र लिहिल्यावर. त्यावर पुढे बोलते.)

तर तुझ्या टेलरच्या दुकानाकडे येऊ. तू लिहिलंस की कथा तुला आवडली. पण पत्रात तिच्यातली एकही वस्तू तू लिहिली नाहीस. मशीन कुठलं होतं? पायाचं असेल तर चामडी पट्टा अजून चाकावर आहे का निसटून लोंबतो आहे? कापायच्या टेबलाची उंची किती? ते टेबल उंच असतं, कारण कटिंग उभ्याने करतात. म्हणजे बाई त्या टेबलाशी उभी राहिली तर तिचा कोपर कुठे येईल? पावतीपुस्तकात प्रत्येक पावतीला कापडाचा एक तुकडा टाचलेला असतो, तो पाहिलास का? मापांची वही कुणाच्या अक्षरात आहे? आणि जे लोक कपडे शिवायला टाकून गेले आणि न्यायला आलेच नाहीत, त्यांचे कपडे कुठे टांगलेत?

यातली कुठली गोष्ट चित्रात येईल ते मी सांगणार नाही, ते तुझं काम. पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर खिडकीत बसून मिळत नाही, हे तुझ्या लक्षात येईल. खिडकीतली बाई काहीच करत नाही म्हणून ती कुठल्याही कथेत बसते. आणि कुठल्याही कथेत बसते म्हणूनच ती या कथेची नाही. ही बाई दुकान बंद करायला आली आहे. तिला कामं आहेत. तिला पसारा आवरायचा आहे, किल्ली शोधायची आहे, कुणाचं तरी ब्लाउज परत द्यायचं आहे. तिचे हात काय करतात ते शोध, चेहरा आपोआप येईल. नाही आला तरी चालेल.

उद्या एखाद्या टेलरच्या दुकानात जा. तुझ्या पेठेत एक तरी जुना टेलर असेलच, ज्याच्याकडे अजून पायाचं मशीन आहे. टॅब घरी ठेव. पहिल्या दिवशी वहीही नेऊ नकोस. एखादी पँट अल्टरला टाक, बाकावर बस, चहा घे, तासभर नुसतं बघ. घरी येऊन रात्री आठवणीतून काढ. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आपल्याला स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतो? सगळ्यांना तो नावडता, कारण सगळे पाठ केलेला बाजार आणि पाठ केलेली जत्रा काढून यायचे. पण तो पेपर ज्या कुणी अभ्यासक्रमात घातला त्याला आपला धंदा नेमका कळला होता. आठवणीतून काढलं की भोकं दिसतात. धागा रिळावरून निघतो आणि सुईपर्यंत येतो, पण मधे कुठून कुठून जातो? इस्त्री कुठल्या हाताला होती? चष्मा त्याच्या नाकावर होता की कपाळावर? चित्रात जिथे तुझी रेघ गुळमुळीत होते ती जागा पेन्सिलने गोल करून ठेव. दुसऱ्या दिवशी पँट आणायला जाशील तेव्हा फक्त त्या गोलांची उत्तरं बघून ये. या वेळी वही ने. त्याला विचारून काढ. माणसं नाही म्हणत नाहीत, उलट कामाबद्दल विचारलं की खुलतात. मला एका कल्हईवाल्याने दीड तास बसवून घेतलं होतं, त्याच्या बापाच्या भात्याबद्दल सांगायला.

दोन दुपारी गेल्या, एवढंच. पंधरा दिवस तू टॅबपुढे घालवलेसच.

तुझ्या त्या ग्राहकाने पाठवलेल्या चित्राचंही याच्याशीच नातं आहे. एआयने तुझं पोट मारलं जाईल या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. स्वस्त कामं जात आहेत आणि जातील. पत्रिका, छोट्या जाहिराती, घाईची कव्हरं यांत तुला फरक जाणवतच असेल. माझ्या भाचीने मध्यंतरी मला असंच एक चित्र दाखवलं, शिवणकाम करणाऱ्या आजीचं. उजेड सुंदर, सुरकुत्या सुंदर. पण मशीनला दोन्ही बाजूंना चाक होतं आणि धागा हवेतूनच सुईत येत होता. मला माझा कात्रीसारखा अडकित्ता आठवला. ते यंत्र आणि तेव्हाची मी, दोघांनीही चित्रांवरून चित्र काढलं होतं. उद्या ते यंत्र सुधारेल, चाक जागेवर येईल. तरी ते तुझ्या पेठेतल्या त्या दुकानात बाकावर बसून चहा घेणार नाही, आणि तो टेलर त्याला सांगणार नाही की न नेलेल्या कपड्यांत एक शेरवानी अकरा वर्षं पडून आहे. "असंच पाहिजे" म्हणणाऱ्याला आता एक उत्तर दे. ते चित्र उघडूच नकोस, मजकूर मागव. मजकूर वाचून तुझे चार-पाच रफ कागदावर काढून झाले की मग त्याचं चित्र बघ. आधी बघितलंस तर पुढचे सगळे रफ त्याच्याच अंगाने जातील. संदर्भचित्र उशिरा बघायचं, हा नियम मी संपूर्ण कारकिर्दीत पाळला आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या मागे लागून त्यांनाही पाळायला लावला.

आणि गायतोंड्यांबद्दल. ते वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत हे खरं. पण तू त्यातलं फक्त थांबणं उचललंस. त्यांना महिनाअखेरची तारीख नव्हती, आणि तारीख नसण्याची किंमत त्यांनी दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या साध्या, एकट्या राहणीने मोजली. तुला घर आहे, मुलगी आहे, सहा कथा आहेत. तुझ्यासाठी दुसरी माणसं बघायला हवीत, ज्यांनी नोकरी आणि धंदा सांभाळून चित्रं काढली.

चित्रकार प्रभाकर बरवे घे. आपल्या अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्रात नोकरी करायचे, म्हणजे हातमागाच्या कापडासाठी डिझाइनं करायची. १९६१च्या सुमारास नोकरीनेच त्यांना बनारसला नेलं आणि तिथे तंत्रमार्गातल्या चित्रांच्या आकारांशी त्यांची गाठ पडली. ती बदली झाली नसती तर त्यांची सुरुवातीची चित्रं वेगळीच झाली असती. आणि पुढे त्यांच्या कॅनव्हासवर काय आलं? घड्याळ, पान, ढग, फळ, पाकीट. टेबलावर पडलेल्या वस्तू. वर्षानुवर्षं ते डायऱ्या लिहीत राहिले, शब्द आणि रेखाटनं एकाच पानावर. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रांइतकीच गर्दी त्या पानांपाशी होती असं मला वाटलं, निदान मी तरी तिथून हलले नाही. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक १९९० सालचं आहे. मिळालं तर घे, पण एका दमात वाचू नकोस. रोज दोन पानं. मराठीत चित्रकाराने चित्राबद्दल इतकं आतून फार कमी लिहिलं आहे.

मला त्यांच्याकडून जे उचलावंसं वाटतं ते अगदी साधं आहे. नोकरीचं काम आणि स्वतःचं काम यांच्यामधे एक वही होती. त्या वहीला ग्राहक नव्हता.

तुझ्याकडे ती वही नाही, असं माझं अनुमान आहे. पत्रात तू जी जी कामं लिहिलीस ती सगळी कुणीतरी मागितलेली आहेत. चौदा वर्षांत तू न मागितलेलं चित्र शेवटचं कधी काढलंस? आर्टला असताना आपण आउटडोअरला जायचो, भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. त्याचे पैसे कुणी देत नव्हतं आणि त्या चित्रांचं पुढे काय व्हायचं याचाही विचार नसायचा. धंदा सुरू झाला की पहिली कात्री त्यावरच चालते.

आणि तू तर कोल्हापुरात आहेस! चित्रकार आबालाल रहिमान मुंबईत जे. जे. स्कूलला शिकून कोल्हापुरात परतले आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा याच जागा काढत राहिले. सकाळी एक, उन्हं कलल्यावर दुसरं. पाणी तेच, झाडं तीच, उजेड निराळा. १९३१ साली ते गेले, तोवर गावाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखतही नव्हतं. टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. शाळेच्या सहलीत बघितली असशील, आता चित्रकार म्हणून जा. एका चित्रासमोर अर्धा तास थांब, फोटो काढू नकोस. पाण्यातलं झाडाचं प्रतिबिंब त्यांनी कुठे सोडून दिलं आहे ते शोध.

चित्रकार म. वि. धुरंधरही मूळ तुमच्या कोल्हापूरचेच, १८६७चा जन्म. १८९० ते १९३१ अशी एकेचाळीस वर्षं जे. जे. स्कूलमध्ये, आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक. वर पुस्तकांची चित्रं, पोस्टकार्डं, जाहिराती, जे येईल ते काम. तरी रस्त्यातल्या आणि बाजारातल्या बायकांची त्यांची रेखाटनं बघ. एकीने पदर कसा खोचला आहे, दुसरीने टोपली कमरेवर कशी घेतली आहे. त्या बायका खिडकीत बसलेल्या नाहीत, कुठेतरी निघालेल्या आहेत. आणि व्यंगचित्रकार वसंत सरवटे, तेही जन्माने कोल्हापूरचे, स्थापत्य अभियंता म्हणून सिमेंट कंपनीत नोकरी करत चित्रं काढत राहिले. त्यांच्या चित्रांतल्या खुर्च्या, जिने, ऑफिसातली टेबलं इतकी नेमकी का, याचं उत्तर मला तरी त्या नोकरीत दिसतं.

तेव्हा एक साधी वही घे. महागातली नको, महागाच्या वहीत माणूस जपून काढतो. रोज वीस मिनिटं, एकच जागा किंवा एकच वस्तू, निदान महिनाभर. मुलीला शाळेत सोडून येताना कपिलतीर्थ मार्केटमध्ये एक भाजीवाली पकड आणि रोज तिचीच पाटी काढ. श्रावणात पाटीवर काय असतं, भाद्रपदात काय येतं. ती वांगी कशी रचते, हात कसा पुसते, सुटे पैसे कुठे ठेवते. पाचव्या-सहाव्या दिवशी तुला कंटाळा येईल, आता यात काढण्यासारखं काही उरलं नाही असं वाटेल. तिथे थांबू नकोस, माझ्या अनुभवात खरं दिसायला त्याच्यानंतर लागतं. ही पानं कुणाला दाखवायची नाहीत, कुठे टाकायची नाहीत, बायकोलाही तिने मागितली तरच. लाइक मोजायला लागलास की चौथ्या दिवशी तू भाजीवाली सोडून लोकांना आवडेल ते काढायला लागशील. मी तसं केलं असतं, म्हणून सांगते.

मुलगी चौथीत आहे म्हणालास. तिलाही एक वही दे आणि रविवारी बरोबर ने. दहा वर्षांची पोरं चाक मोठं वाटलं तर मोठं काढतात. तिचं पान बघून तुझे हात सैल होतील.

आता पैशाचं. न सुचण्यातला निम्मा भाग आपल्या धंद्यात दमणुकीचा असतो, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. सहा कथांची बारा चित्रं, त्याबरोबर लोगो, त्याबरोबर पत्रिका. एवढी कामं तू का घेतोस ते मला माहीत आहे: पैसे कधी येतील याचा भरवसा नसतो, म्हणून माणूस आलेलं प्रत्येक काम धरून ठेवतो. मीही धरलं, आणि त्या तीन वर्षं उशिरा आलेल्या पैशांच्या काळात मी जी कव्हरं केली ती आज बघवत नाहीत. तेव्हापासून मी अर्धे पैसे रफ मंजूर झाल्यावर मागायला लागले. पहिल्या वर्षी दोन कामं गेली. तिसऱ्या वर्षी त्यातलं एक परत आलं. आणि अंकाच्या संपादकांना आषाढातच सांगायचं की कथा हातात पडल्या तशा पाठवा, सगळ्या एकदम नकोत. पुढच्या वर्षी हे कर. एक कथा आठवडाभर डोक्यात घेऊन फिरायला मिळाली तर तुझे पाय आपोआप टेलरच्या दुकानासमोर थांबतील.

यंदा ते व्हायचं नाही, तारीख जवळ आली आहे. म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर संपादकांना फोन कर. आजारी असल्याचं खोटं कारण देऊ नकोस. सांग, चौथी कथा चांगली आहे आणि मला तिच्यासाठी आणखी चार दिवस हवेत, तोवर पाचवी आणि सहावी देतो. बहुतेक संपादक हे ऐकून घेतात. कथा नीट वाचलेला चित्रकार त्यांना रोज भेटत नाही. आणि आधीच्या तीन कथांतली एखादी खिडकी अजून छपाईला गेली नसेल तर तीही बदलून देतो म्हणून विचार. एकच बदल, तीनही नको, दमशील.

फोन झाला की कपाटातून अल्टरला टाकायची पँट काढून ठेव. टेलरची दुकानं साधारण दहाला उघडतात. त्याच्याकडे न नेलेले कपडे आहेत का ते विचारायला विसरू नकोस, आणि ते कुठे टांगलेत ते मला कळव.

तुझी,
ताई